मान टाकली म्हणजे तहान लागली, असं नाही

अकोल्यात मे महिन्यात दुपारी दोनला गच्चीवर जायचं तर आधी चप्पल शोधावी लागते. पारा ४४-४५ वर आणि फरशी तव्यासारखी. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी वर गेले, तर जास्वंदीनं मान टाकलेली. पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. मी घाबरून तांब्यावर तांबे पाणी ओतलं. संध्याकाळी झाड टवटवीत. झालं, मला वाटलं औषध सापडलं! मग रोज दुपारी मान पडली की पाणी. सकाळचं आणि संध्याकाळचं वेगळं. तिसऱ्या आठवड्यात खालची पानं पिवळी पडून गळायला लागली आणि मान संध्याकाळीही वर येईना. कुंडी उलटी केली तर मुळं तपकिरी, बोटानं ओढली की साल हातात, आणि वास नालीचा.

सासूबाईंचं आयुष्य वावरात गेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, दुपारी सगळ्यांचीच मान पडते. तुझी नाही पडत का?"

दुपारची मरगळ आणि खरी तहान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिसतात मात्र जुळ्या बहिणींसारख्या.

मरगळीचं असं असतं. पानांवरच्या बारीक रंध्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते, त्यानंच पान थंड राहतं. भर उन्हात आणि कोरड्या झळांत हा खर्च इतका वाढतो की मुळांना तेवढं पाणी वर चढवणं जमत नाही. कुंडीत ओल असूनही! पेशींतला ताण कमी होतो आणि पान खाली येतं. खाली आलेल्या पानावर ऊनही कमी पडतं, म्हणजे झाडाचा यात थोडा फायदाच. भोपळा, दोडका, जास्वंद अशी मोठ्या, पातळ पानांची झाडं हे रोज करतात. ऊन उतरलं की वाफ कमी होते, मुळं मागची बाकी भरून काढतात आणि सातच्या सुमारास पानं आपोआप वर. माझी जास्वंद त्या पहिल्या दिवशी माझ्या पाण्यानं उठली नव्हती, ती तशीही उठणारच होती.

खऱ्या तहानेत मातीतच घेण्यासारखं काही उरलेलं नसतं. जी थोडी ओल असते ती मातीच्या कणांना इतकी घट्ट चिकटलेली असते की मुळांना सुटत नाही. रात्र गेली तरी झाड सावरत नाही. म्हणून परीक्षा दुपारी घ्यायचीच नाही, सकाळी सहा-साडेसहाला घ्यायची. त्या वेळीही मान खाली असेल तर काहीतरी बिघडलंय हे नक्की. बाकीच्या खुणा झाडागणिक वेगळ्या. लिंबाचं पान होडीसारखं आत वळतं, मोगऱ्याच्या कळ्या उमलण्याआधीच करपतात, कढीपत्त्याची पानं हात लागताच झडतात. पानाची कड कुरकुरीत होते. मरगळीत पान मऊच राहतं.

पण सकाळी मान खाली दिसली म्हणून लगेच पाणी घालू नका, मी तिथेच फसले होते. मुळं कुजली की झाड पाण्यात उभं राहूनही तहानलेलं राहतं, कारण पाणी ओढणारं कुणी उरलेलंच नसतं. मुळांना हवाही लागते. शेतकरी वाफसा म्हणतात तो हाच, ओल आणि हवा दोन्ही नांदतील अशी माती. त्यामुळे पानाकडे बघून निर्णय नाही, मातीत बोट. दोन पेरं आत घालायचं. गार, ओलसर लागलं तर पाणी नको, सावली द्या. कोरडं लागलं तर पाणी. मातीच्या कुंडीला सासूबाई चमच्यानं टिचकी मारतात: कोरडी कुंडी खणखणते, ओली बद्द वाजते. प्लास्टिकच्या कुंडीत हे जमत नाही, ती उचलून वजनावरून ओळखायची.

आमच्याकडे आणखी एक भानगड आहे. बोअरचं पाणी जड, कुंडीच्या काठावर मिठासारखा पांढरा थर धरतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर शेतकऱ्यांचं हेच जुनं दुखणं: क्षार वाढले की ओल्या मातीतूनही मुळांना पाणी ओढणं जड जातं. मी पांढरा थर खरवडते आणि पावसाळ्यात कुंड्या मनसोक्त भिजू देते.

खरी तहान असेल तर ती भागवण्याचीही रीत आहे. आमची काळी माती वाळली की कुंडीच्या काठापासून सुटते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ तळाच्या भोकातून बाहेर, आणि आपल्याला वाटतं पोटभर प्यायली. अशी कुंडी पाण्याच्या घमेल्यात अर्धा तास ठेवते, पाणी खालून वर चढतं. माती खरंच कोरडी असेल तर दुपार आहे म्हणून थांबतही नाही. फक्त नळीतलं पहिलं पाणी बादलीत सोडते, कारण ते चहाला चालेल इतकं तापलेलं असतं. मग कुंडीवर पालापाचोळ्याचा चार बोटं थर, वर हिरवी जाळी.

नवीन जास्वंद आणली आहे. काल दुपारी तिनं अगदी तशीच मान टाकली होती. हात शिवशिवले. बोट घातलं, ओल होती. जाळी थोडी पुढे ओढली आणि खाली येऊन कुलरसमोर मीही मान टाकली.