माळ्यावरचा ४८६ : बटण दाबायच्या आधी

सांगली-मिरज पट्ट्यातली एखादी पतसंस्था नव्या जागेत जाते, दूध संघाचं जुनं कार्यालय रंगवायला काढतात, आणि माळ्यावरून एक पिवळट पडलेला कॉम्प्युटर खाली येतो. समोर टर्बोचं बटण, शेजारी किल्लीचं कुलूप, मागे कीबोर्डसाठी पाच पिनांचं गोल सॉकेट. आतला प्रोसेसर ४८६ असावा, फार तर त्याच्या आधीचा ३८६. खाली उतरवणारा म्हणतो, ‘बघू तरी चालू होतोय का,’ आणि वायर प्लगात जाते. तीस वर्षं तग धरलेलं यंत्र त्या अर्ध्या मिनिटात जाऊ शकतं.

आतल्या चिपा सहसा म्हाताऱ्या झालेल्या नसतात. सिलिकॉनला तीस-पस्तीस वर्षं जड जात नाहीत. म्हातारं होतं ते चिपांच्या अवतीभवतीचं सामान: सेलमधला क्षार, कंडेन्सरमधला द्रव, रबर, ग्रीस, प्लास्टिक. म्हणून आधी स्क्रू काढायचे, झाकण उघडायचं आणि कीबोर्डच्या सॉकेटजवळ बघायचं.

तिथे बहुतेक वेळा निळ्या किंवा हिरव्या वेष्टणातलं बोटाच्या पेराएवढं नळकांडं दिसतं. हा निकेल-कॅडमियमचा सेल: १.२ व्होल्टचे तीन, मिळून ३.६. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ आणि सेटिंग जिवंत ठेवणं हे त्याचं काम. आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, कडक अल्कली. सील थकलं की ते बाहेर झिरपतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पांढरा भुरा क्षार होतो, आणि तांब्याला लागलं की हिरवी बुरशी चढल्यासारखं दिसतं. खरी अडचण ही की ते दिसतं तेवढ्यावर थांबत नाही. बोर्डावरच्या हिरव्या लेपाखालून ते ट्रॅकच्या, म्हणजे तांब्याच्या बारीक रेषांच्या, कडेकडेने सरकतं, भोकांत उतरतं आणि पाठीमागे निघतं. कॉम्प्युटर बंद असला तरी हे चालूच राहतं. म्हणून आज दुरुस्तीला वेळ नसेल तरी एवढं आजच करा: निपरने सेलचे दोन्ही पाय कापा आणि तो बाहेर काढा. हलवून, पिळून उपटू नका. पाय जिथे सोल्डर केलेला असतो तो गंजलेला तांब्याचा पॅड सोबत निघून येतो. कॅडमियम विषारी आहे, त्यामुळे हातमोजे घाला आणि सेल घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

आता सफाई. अल्कली मारायला आम्ल लागतं, आणि स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर त्याला पुरतं. जुन्या टूथब्रशने ते डागावर लावलं की बारीक फेस येतो. तो क्षारातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड. फेस येणं थांबेपर्यंत लावत राहा, साधारण पाच-दहा मिनिटं. व्हिनेगर बोर्डावर वाळू द्यायचं नाही, कारण आम्लही तांबं खातंच. लगेच डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा धुवा. गॅरेजमध्ये बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं ते चालतं, मात्र आम्ल मिसळलेलं नाही ना हे विचारून घ्या. शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, ९९ टक्क्यांचं. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्केवाल्यात पाणी उरतं, त्याचा इथे उपयोग नाही.

काळवंडलेल्या ट्रॅकवर सोल्डर धरत नाही. हजार नंबरच्या पॉलिश पेपरने लेप हलकेच खरवडा, तांबं चमकलं की फ्लक्स लावून सोल्डरचा पातळ थर द्या. मग मीटर बीपवर ठेवून प्रत्येक ट्रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा. डोळ्याला अखंड दिसणारा ट्रॅक भोकाच्या काठावर तुटलेला असतो, हा इथला नेहमीचा चकवा. तुटलेल्या जागी ३० गेजची बारीक वायर टाकता येते. सेलच्या शेजारी बहुधा ८०४२ नावाची चाळीस पायांची चिप असते, ती कीबोर्ड सांभाळते. त्यामुळे सेल गळलेल्या मशीनला पुढे कीबोर्डचाच त्रास निघाला, तर कीबोर्ड बदलण्याआधी या चिपच्या पायांशी जाणारे ट्रॅक बघावेत.

त्या जागी नवीन काय बसवायचं? नाण्यासारखा लिथियम सेल थेट जोडण्याची चूक फार जण करतात. जुना सेल चार्ज होणारा होता, म्हणून मशीन चालू असताना बोर्ड त्याला करंट देतो. लिथियमच्या साध्या सेलला असं चार्जिंग मिळालं तर तो फुगतो, फुटूही शकतो. मध्ये करंट एकाच दिशेने जाऊ देणारा १एन४१४८ डायोड टाकला, पट्टीची बाजू बोर्डाकडे ठेवून, की हा उलटा करंट थांबतो. पण डायोड स्वतः सुमारे अर्धा व्होल्ट खातो. तीनातले अडीच उरतात आणि काही बोर्डांचं घड्याळ तेवढ्यावर टिकत नाही. तीन पेन्सिल सेलचा होल्डर जास्त भरवशाचा: साडेचारातून अर्धा गेला तरी चार उरतात. होल्डर वीस सेंटिमीटर वायरवर ठेवून कॅबिनेटच्या पत्र्याला चिकटवा. पुन्हा गळती झालीच तर ती पत्र्यावर पडेल, बोर्डावर नाही.

काही बोर्डांवर असा सेल दिसत नाही. त्याऐवजी डीएस१२८७ किंवा डीएस१२८८७ लिहिलेला जाडजूड काळा ठोकळा असतो. घड्याळ, क्रिस्टल आणि लिथियम सेल हे तिन्ही त्यात रेझिनखाली गाडलेले. तो गळत नाही, फक्त संपतो. सोळाव्या आणि विसाव्या पिनेजवळ बाजूचं रेझिन बारीक फाइलने घासलं की सेलच्या जोडण्या उघड्या पडतात. सोळावी ऋण, विसावी धन. आतल्या सेलकडे जाणारी जोडणी तोडून बाहेरून तीन व्होल्टचा सेल जोडायचा.

हवामानाचा विषय इथे टाळता येत नाही. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. माणमधल्या म्हसवडच्या मशीनमध्ये मुठीएवढी धूळ निघेल, पण पिना लख्ख असतील. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या मशीनमध्ये धूळ कमी आणि गंज, बुरशी जास्त. सांगलीत त्यात पुराची भर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ असताना. पुरात सापडलेल्या यंत्राला एक नियम लागू आहे: गाळ ओला असतानाच धुवा. वाळलेला गाळ चिपांच्या पायांखाली सिमेंटसारखा बसतो. सेल काढा, कार्डं सुटी करा, नळाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, मग डिस्टिल्ड वॉटर, मग सावलीत पंख्याखाली तीन-चार दिवस. हार्ड डिस्क मात्र धुऊन वाळवून लावायची नाही. हवेचा दाब सांभाळायला तिला बारीक छिद्र असतं आणि पाणी तिथून आत गेलेलं असतं. आतला डेटा हवा असेल तर ती डेटा काढून देणाऱ्यांकडेच द्यावी.

आता वीजपुरवठा, म्हणजे एसएमपीएसचा पत्र्याचा डबा. हा उघडण्याआधी प्लग काढलेला हवा, आणि तेवढंही पुरेसं नाही. २३० व्होल्ट एसीचं आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतं आणि ते दोन मोठ्या कंडेन्सरांत साठून राहतं. दहा किलोओहम, पाच वॉटचा रेझिस्टर इन्सुलेट केलेल्या चिमट्यांनी प्रत्येक कंडेन्सरच्या दोन्ही टोकांना पंधरा सेकंद धरा, मग मीटरने शून्य आलंय हे बघा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडायची सवय सोडावी.

आत मधाच्या रंगाचा, अर्धपारदर्शक चौकोनी कंडेन्सर दिसला आणि त्यावर बारीक भेगा असल्या, तर तो न तपासता बदला. हा धातूचा थर दिलेल्या कागदाचा असतो. भेगांतून दमट हवा कागदात मुरते आणि वीज दिल्यावर काही मिनिटांत तो फुटून खोलीभर उग्र धूर होतो. शाळांत कॉम्प्युटर शिकवण्याच्या १९८४ च्या ‘क्लास’ प्रकल्पात देशातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर मिळाले होते. त्यांच्या वीजपुरवठ्याचा सगळ्यांत प्रसिद्ध बिघाड हाच. बदली कंडेन्सर त्याच मायक्रोफॅरडचा, पण एक्स२ (मेन लाइनवर वापरायचा सुरक्षित प्रकार) लिहिलेला, २७५ व्होल्ट एसीचाच घ्या. हे सामान सांगलीत नाही मिळालं तर पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळेल. साधा ४०० व्होल्ट डीसीचा कंडेन्सर दिसायला सारखा असतो, पण मेन लाइनवर तो बसवायचा नाही.

नळकांड्याच्या आकाराच्या इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरांचं गणित सोपं आहे. अंगावर १०५ अंश, २००० तास असं लिहिलेलं असेल, तर तापमान दर दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. डब्यात ६५ अंश धरले तर चारदा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. कचेरीचे आठ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर तेरा वर्षं. पतसंस्थेत १९९३ ते २००२ वापरलेल्या मशीनचे कंडेन्सर या हिशेबाने दोन-तृतीयांश आयुष्य संपवून बसले आहेत. आणि पडून राहण्याने त्यांचं भलं होत नाही: आतला ऑक्साइडचा थर पातळ होतो, मग अचानक पूर्ण व्होल्टेज दिलं की गळती करंट वाढून ते तापतात.

म्हणून पहिली वीज थेट द्यायची नाही. इलेक्ट्रिशियन वापरतात तो सिरीज लॅम्प घ्या, म्हणजे वीज ज्यातून होऊन मशीनकडे जाते तो बल्ब, जुन्या तारेचा १०० वॉटचा. एलईडी इथे चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, पण बल्बने करंट अडवल्यामुळे नुकसान थांबलं. आणखी एक: हे जुने एसएमपीएस रिकामे नीट चालत नाहीत, काही तर सुरूच होत नाहीत. पाच व्होल्टच्या लाल वायरला लोड हवा. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब पाच व्होल्टवर साधारण एक अँपिअर घेतो, तो पुरतो. मग सिरीज लॅम्प काढून मोजा: लाल वायरवर ४.७५ ते ५.२५, पिवळीवर ११.४ ते १२.६.

मदरबोर्डाला जाणारे दोन कनेक्टर, पी८ आणि पी९, शेजारी शेजारी बसतात आणि उलटसुलटही बसतात. काळ्या वायरी काळ्यांशेजारी, मधोमध. उलटे बसले तर बोर्ड जळतो. हे जोडण्याआधी मीटरने पाच आणि बारा व्होल्टच्या रेषा ग्राउंडशी किती ओहम दाखवतात ते पाहा. बारावर जवळपास शून्य आलं तर बहुधा एखादा टँटलमचा थेंबासारखा कंडेन्सर शॉर्ट आहे. एकेक कार्ड काढत गेलं की तो सापडतो. बदलताना १६ व्होल्टच्या जागी २५ किंवा ३५ चा घ्या, आणि लक्षात ठेवा: इलेक्ट्रोलायटिकवर खूण ऋण टोकाला असते, टँटलमवर धन टोकाला. उलटा लागला तर जाळ निघतो.

आता पहिल्यांदा बटण. बोर्ड, रॅम, डिस्प्ले कार्ड आणि स्पीकर, एवढंच ठेवा. तीस पिनांच्या रॅमच्या पट्ट्या ४८६ ला चारच्या पटीत लागतात, कारण पट्टी आठ बिटांची आणि प्रोसेसरचा मार्ग बत्तीसचा. सॉकेटमधल्या चिपा अंगठ्याने दाबून घ्या; तापणं-थंडावणं होऊन त्या हळूहळू वर सरकलेल्या असतात. कार्डांच्या सोनेरी पट्ट्या मऊ खोडरबराने लांबीच्या दिशेने पुसा. बायोस म्हणजे बोर्डावरचा मशीन सुरू करणारा प्रोग्राम; एएमआय बायोसच्या तीन बीप म्हणजे सुरुवातीच्या ६४ केबी रॅमची तक्रार, आठ म्हणजे डिस्प्ले कार्डाची, आणि सहा म्हणजे कीबोर्ड कंट्रोलरची. सहा ऐकू आल्या तर सेलच्या जागेकडे परत जा.

प्लास्टिक पांढरं करण्याच्या हौसेबद्दल थोडकंच. पार्लरच्या सामानात मिळणारं १२ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम लावून, वर प्लास्टिकची फिल्म गुंडाळून उन्हात ठेवतात. आपल्याकडे हे डिसेंबर-जानेवारीत करावं. मे महिन्याच्या उन्हात झाकण वाकतं आणि क्रीम वाळून पट्टे पडतात. रंग काही वर्षांनी पुन्हा पिवळा होऊ शकतो.

मशीन उठलं की सगळ्यात आधी हार्ड डिस्कची नक्कल. जुनी कमी क्षमतेची डिस्क यूएसबी अडॅप्टरवर बऱ्याचदा दिसतच नाही, कारण अडॅप्टरला लागणारी एलबीए पद्धत (सेक्टरांना सलग क्रमांक देण्याची) तिला येत नाही. ती तिच्याच मशीनमध्ये वाचावी लागते. सोबत कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आयडीई (जुन्या हार्ड डिस्कच्या जोडणीच्या) अडॅप्टरवर लावलं की ते दुसरी डिस्क म्हणून चालतं. जुना बायोस १०२४ गुणिले १६ गुणिले ६३ सेक्टरांपलीकडे, म्हणजे ५०४ एमबीपलीकडे बघत नाही, तेव्हा मोठं कार्ड घेऊन फायदा नाही. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तिची चकती बोटाने फिरवून उजेडात बघा. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. तशी फ्लॉपी घातली तर हेड खरडतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते.

एखादं लांबट कार्ड अनोळखी वाटलं तर फेकू नका. ते सी-डॅकचं जिस्ट कार्ड असू शकतं. डॉसच्या काळात पडद्यावर मराठी आणणारं हे कार्ड. त्यावर लिहिलेला मजकूर भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये मानक झालेल्या इस्की संकेतात साठायचा. आजच्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली की कचरा दिसतो आणि लोक ती पुसतात. तो कचरा नसतो. इस्कीत ‘सांगली’ म्हणजे सहा आकडे: २१५, २१८, १६२, १८१, २०९, २२०. साध्या नोटपॅडमध्ये त्यांची जी चिन्हं उमटतात त्यात पहिली गुणाकाराची फुली, तिसरी सेंटची खूण आणि चौथी मायक्रोची. पानावर ही चिन्हं वारंवार दिसली तर फाइल जशीच्या तशी जपून ठेवा. आयसीयू नावाच्या मुक्त लायब्ररीत इस्कीचं युनिकोड करायची सोय तयार आहे.