ट्रॉली आधी कोणाला दिसली?

जानेवारीतली रात्र. चांदवडहून नाशिकला परत येत होतो. दाजी गाडी चालवत होते, मी शेजारी, ताई मागे डुलक्या काढत होती. गाडी दसऱ्याच्या मुहूर्तावर घेतलेली, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांची. पुढच्या लोगोमागे रडार, काचेच्या वरच्या कडेला कॅमेरा. शोरूमवाल्यांच्या भाषेत 'एडासवाली', म्हणजे धोका दिसला की इशारा देणारी आणि वेळ पडली तर स्वतःच ब्रेक लावणारी. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे आमच्याच लेनमध्ये कांद्याची ट्रॉली चालली होती. मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखलाचा थर, आणि फाळक्यावरून खाली लोंबणारं बारदान. दाजींनी करकचून ब्रेक दाबला, पट्टा छातीत रुतला, आणि त्याच क्षणी डॅशबोर्डवर लाल चित्र चमकून 'टीं टीं टीं' सुरू झालं.

ओझर येईपर्यंत गाडीत वाद. ताईचं म्हणणं, "एवढे पैसे मोजून घेतलेलं यंत्र तुमच्यानंतर जागं होतं, मग उपयोग काय?" दाजींचं म्हणणं, "मीच आधी ब्रेक मारला, म्हणून त्याला काही करायची वेळ आली नाही." मी गप्प बसलो, कारण दोघांचंही बरोबर असू शकत होतं. आणि नेमकं काय झालं हे गाडीत बसून सांगता येणं शक्यच नव्हतं.

हे यंत्र बघतं कसं, ते आधी पाहू. गाडीतलं रडार साधारण ७६-७७ गिगाहर्ट्झच्या लहरी पुढे सोडतं. या लहरींची लांबी चार मिलिमीटरच्या आसपास, मुगाच्या दाण्याएवढी. समोरच्या वस्तूवर आपटून त्या परत येतात. किती वेळाने आल्या यावरून अंतर कळतं. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा हॉर्न जसा जवळ येताना बारीक आणि लांब जाताना जाड ऐकू येतो, तशाच फरकावरून समोरची वस्तू किती वेगाने जवळ येतेय तेही थेट कळतं. यानंतरचं गणित चौथीतलं: अंतर भागिले वेग. आपली गाडी ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटर. ट्रॅक्टर ताशी १८ने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. दोघांतलं अंतर सेकंदाला १५ मीटरने कमी होतंय. ट्रॉली ४५ मीटरवर असेल तर हातात तीन सेकंद.

आता कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची गाडी पूर्ण ब्रेक लावून सेकंदाला साधारण पावणेआठ मीटर प्रति सेकंद इतका वेग घालवू शकते. म्हणजे हा १५चा फरक मिटवायला १४-१५ मीटर पुरतात. टक्कर एका सेकंदावर आली तरी यंत्र अजून वाचवू शकतं. म्हणून ते थांबतं. गाडीगाडीत फरक असतो, पण साधारणपणे दोन-अडीच सेकंद उरले की आवाज, आणि एका सेकंदाच्या आसपास पूर्ण ब्रेक. घाबरलेला माणूस तीन सेकंद आधीच पाय दाबतो. त्या हिशेबाने दाजी वेळेवर होते आणि यंत्रही.

इतकं ताणून धरायचं कारण आपल्या हायवेवर रोज दिसतं. आडगाव नाक्यावरून बाहेर पडलात की समोरच्या ट्रकच्या अगदी मागे जाऊन शेवटच्या क्षणी लेन बदलणारे किती भेटतात ते मोजा. त्यांना धडकायचं नसतं, ओव्हरटेक करायचं असतं. तीन सेकंदांवर ब्रेक लावणारं यंत्र अशा प्रत्येक ओव्हरटेकला गाडी जागच्या जागी उभी करेल, आणि मागचा बुलेटवाला डिकीत येऊन बसेल.

इथे विश्वासार्हतेची खरी मेख आहे. आपण विचारतो, 'वेळ आली तर ब्रेक लागेल ना?' गाडी बनवणाऱ्याची झोप उडवणारा प्रश्न दुसराच असतो: 'वेळ आली नसताना लागणार नाही ना?' एक हिशेब करून बघा. यंत्र सेकंदाला वीस वेळा समोरचं दृश्य तपासतं असं धरा. तासाला झाली ७२,००० तपासण्या. दर दहा लाख तपासण्यांत एकदाच चुकणारं यंत्र आपण डोळे झाकून घेऊ. पण दहा लाख तपासण्या चौदा तासांत संपतात! म्हणजे नाशिक-पुणे दोनदा जाऊन-येऊन पुरं व्हायच्या आतच एकदा विनाकारण ब्रेक. आणि खरोखर ब्रेक हवा असा प्रसंग वर्षा-दोन वर्षांतून एखादा. यंत्र क्वचित चुकत असलं, तरी खरा धोका त्याहून क्वचित येतो.

द्राक्षबागेत राखणदार ठेवणाऱ्याला हे लगेच पटेल. पान हललं की मालकाला उठवणारा राखणदार चार रात्रींत शिव्या खातो, पाचव्या रात्री मालक फोन बंद करून झोपतो. गाडीतही तेच होतं. फार वाजतं म्हणून लोक सेटिंगमध्ये जाऊन ते बंदच करतात. म्हणून कंपन्या यंत्राला थोडं संशयी, थोडं मुखदुर्बळ बनवतात. रडार 'काहीतरी आहे' म्हणालं तरी कॅमेऱ्याने 'हो, ही गाडीच आहे' म्हटल्याशिवाय बऱ्याच गाड्या पूर्ण ब्रेक लावत नाहीत. चुकीचे ब्रेक यामुळे कमी होतात. पण दोघांपैकी एक जरी आंधळा झाला तरी खरा ब्रेकही हुकतो. दोन्ही बाजू एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत. तराजूचा काटा कुठे ठेवायचा ते कोणीतरी ठरवलेलं असतं, आणि ते आपल्याला विचारून नव्हे.

उभ्या वस्तूंचं उदाहरण घ्या. नाशिकच्या उड्डाणपुलावरून जाताना रडारला काय काय दिसत असेल? दिशादर्शक फलकांच्या लोखंडी कमानी, विजेचे खांब, कठडे, सांध्यांच्या लोखंडी पट्ट्या. सगळं आपल्याकडे गाडीच्याच वेगाने धावत येणारं, आणि सगळं निरुपद्रवी. जुन्या रडारना वस्तू रस्त्यावर आहे की डोक्यावर हे नीट कळत नसे. म्हणून त्यांना शिकवलं गेलं की जे कधी हलताना दिसलंच नाही, त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका. कमानींसाठी हा नियम झकास. पण पंक्चर होऊन लेनमध्येच उभा केलेला, मागे चार दगड आणि बाभळीची फांदी ठेवलेला ट्रकही या नियमाने कमानीच्याच रांगेत जाऊन बसतो. नव्या रडारना उंचीही मोजता येते, त्यामुळे परिस्थिती बरीच सुधारली आहे. तरी उभ्या ट्रकच्या बाबतीत मी अजूनही स्वतःच्याच डोळ्यांवर विसंबतो.

गप्प बसण्याची किंमत किती मोठी असू शकते हे १८ मार्च २०१८च्या रात्री अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी गावी दिसलं. उबरची प्रयोगातली स्वयंचलित गाडी सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना धडकली, त्यात त्या गेल्या. सरकारी चौकशीत उघड झालं की सेन्सरना त्या ५.६ सेकंद आधीच दिसल्या होत्या. पण संगणक कधी त्यांना गाडी समजत होता, कधी सायकल, कधी 'अज्ञात वस्तू'. आणि दर वेळी ओळख बदलली की त्या कुठून कुठे चालल्यात याचा आधीचा हिशेब पुसून नव्याने सुरुवात. उगीच ब्रेक लागू नयेत म्हणून एक सेकंद थांबण्याची सोयही त्यात घातलेली होती. गाडीत मुळात असलेला व्होल्वोचा ऑटो ब्रेक उबरची यंत्रणा चालू असताना बंद राहत असे. उलट टोकाला, २०२२च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने टेस्लाच्या सुमारे ४,१६,००० गाड्यांची चौकशी सुरू केली. मोकळ्या हायवेवर गाडी आपोआप ब्रेक लावते, अशा ३५४ तक्रारी आल्या होत्या.

मग या यंत्राचा फायदा आहे की नाही? आहे, आणि चांगला मोठा आहे. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने प्रत्यक्ष अपघातांच्या नोंदी तपासल्या. नुसता इशारा देणाऱ्या गाड्यांमध्ये मागून धडकण्याचे अपघात २७ टक्क्यांनी कमी, आणि इशाऱ्यासोबत स्वतः ब्रेक लावणाऱ्यांमध्ये ५० टक्क्यांनी कमी. औषध असतं तर याला गुणकारी म्हटलं असतं. शिवाय टक्कर टळली नाही तरी वेग कमी होतो हाही फायदाच. साठने बसणारी धडक चाळीसने बसली तर आघाताची ऊर्जा निम्म्याहून कमी होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. युरोपात जुलै २०२४पासून प्रत्येक नव्या मोटारीला ऑटो ब्रेक सक्तीचा आहे. अमेरिकेने २०२४ साली त्यासाठी सप्टेंबर २०२९ची मुदत ठरवली.

पण हे आकडे तिकडच्या रस्त्यांवरचे. त्याच संस्थेने पुढे आणखी खोलात जाऊन पाहिलं, तेव्हा समोर मोटार असेल तर मागून धडकण्याचे अपघात ५३ टक्क्यांनी घटलेले दिसले, समोर मोटारसायकल असेल तर ४१ आणि मोठा ट्रक असेल तर ३८ टक्क्यांनी. पादचाऱ्यांचे अपघात एकूण २७ टक्क्यांनी कमी. मात्र दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर काहीच फरक नाही! आता आपल्याकडचा आकडा शेजारी ठेवा. २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची, आणि साडेएकोणीस टक्के पायी चालणारी. यंत्राला जे कमी दिसतं, तेच आपल्या रस्त्यांवर जास्त मरतं. युरोपातल्या सुरक्षा चाचण्यांत ऑटो ब्रेक २०१४पासून तपासतात. मोटारसायकलस्वार त्यात आला २०२३ साली. तिथे ज्याच्यावर गाडी सोडतात ते गाडीचं मऊ सोंग दिसायला एखाद्या नीटनेटक्या हॅचबॅकसारखं असतं. त्याच्यावर बारदान लोंबत नसतं.

नाशिकच्या द्वारका चौकात संध्याकाळी सहा वाजता या यंत्राची वेगळीच दैना होते. डावीकडून रिक्षा, उजवीकडून ॲक्टिव्हा, मधल्या फटीतून डोक्यावर पाटी घेतलेल्या मावशी. दाजींची गाडी तिथे पाच मिनिटांत तीनदा किंचाळली. एकदा तर रिक्षाने नाक घातल्याबरोबर खरंच ब्रेक लागला आणि मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. तांत्रिकदृष्ट्या यंत्र चुकलं नव्हतं. रिक्षा अर्ध्या मीटरवर होती. फक्त द्वारकेला अर्धा मीटर म्हणजे भरपूर जागा असते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

पावसाचं आणखी वेगळं. अमेरिकेच्या 'ट्रिपल ए' या मोटार संघटनेने २०२१ साली एक साधा प्रयोग केला: गाडीच्या पुढच्या काचेवर पाण्याचा फवारा मारून पावसाचं नाटक उभं केलं. ताशी ५६ किलोमीटरच्या वेगात सुमारे एक तृतीयांश वेळा गाडी समोरच्या उभ्या लक्ष्यावर जाऊन आदळली. कसारा घाटात किंवा इगतपुरीच्या धुक्यात जुलै महिन्यात काय होईल याची कल्पना करा. त्यात ओल्या रस्त्यावर टायरची पकडही घटते. यंत्राने सगळं अचूक ठरवलं, तरी गाडी शेवटी थांबवतो तो टायरच. गुळगुळीत टायरला रडारची अक्कल उसनी देता येत नाही.

काही आंधळेपणा आपण हौसेने विकत घेतो. दसऱ्याला शोरूममधून गाडी काढताना आत्याने पुढच्या लोगोवरून झेंडूचं जाडजूड तोरण बांधलं. कॉलेज रोडपर्यंत येतो तर पडद्यावर सूचना: पुढचा सेन्सर झाकला गेला आहे. पाणी मिलिमीटर लहरींना शोषतं आणि ताजा झेंडू म्हणजे बरंचसं पाणीच. लोगोवर दाट चिखल बसला तरी असंच होतं. बंपरपुढे बसवतात त्या बुल गार्डचं लोखंड तर त्याहून वाईट. त्यावर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, पण रस्त्यावर बघितलंत तर वाटणार नाही.

मे महिन्यात समृद्धीवर ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा काचेवर बसला आणि काच बदलावी लागली. कॅमेरा काचेलाच चिकटलेला असतो, म्हणून अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये कॅलिब्रेशनला, म्हणजे त्याची नजर पुन्हा नेमकी जुळवून घ्यायला गेलो. हे लोकांना फालतू खर्च वाटतं, पण साधी भूमिती बघा: कॅमेरा एका अंशाने जरी तिरका बसला, तरी शंभर मीटरवर नजर पावणेदोन मीटरने सरकते. म्हणजे अर्धी लेन. शेजारच्या लेनमधली ट्रॉली आपल्या लेनमध्ये, आपल्या लेनमधली शेजारी.

वर्कशॉपमध्ये जमीन सपाट आहे का ते आधी तपासलं, चारही चाकांतली हवा सारखी केली. मग मेकॅनिकने काळ्या-पांढऱ्या नक्षीचा एक मोठा बोर्ड स्टँडवर लावून टेपने मोजून गाडीसमोर उभा केला, लेझरची लाल रेघ बरोबर लोगोच्या मधोमध आणली, आणि लॅपटॉपवर बटण दाबून चहा प्यायला गेला. दहा-बारा मिनिटांनी हिरवी खूण आली.

"आता दिव्याविना कांद्याची ट्रॉली दिसेल ना?" दाजींनी विचारलं.

मेकॅनिकने केबल गुंडाळत पडद्याकडे एकदा बघितलं. "साहेब," तो म्हणाला, "बोर्ड तर दिसला."