चार दिवसांचे वर्ष

दिवाळीच्या दिवसांत रात्री नऊच्या सुमारास भाद्रपदा नक्षत्रांचा मोठा चौकोन डोक्यावर येतो. पूर्वाभाद्रपदेच्या दोन ताऱ्यांच्या साधारण मधोमध, पण चौकोनाच्या किंचित बाहेर पश्चिमेला, एक अंधूक तारा आहे: ५१ पेगासी. दिव्यांपासून लांब गेलात तर नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. अंतर सुमारे ५० प्रकाशवर्षे. त्याच्याभोवतीचा ग्रह मात्र कोणालाच दिसत नव्हता. खगोलशास्त्रज्ञ मिशेल मायोर आणि त्यांचा विद्यार्थी दिदिए केलो यांनी तो ताऱ्याच्या हालचालीवरून ओळखला.

फुगडी घालताना एक जण कितीही वजनदार असो, जोडीदाराच्या ओढीने तोही थोडा फिरतोच. ग्रहाच्या ओढीने ताराही तसाच कधी आपल्याकडे सरकतो, कधी दूर जातो आणि त्याच्या वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाशाच्या रंगपट्ट्यातल्या, काळ्या रेषा जागच्या ढळतात. ५१ पेगासीच्या बाबतीत हा फरक होता ५० लाखांत एक भाग!

एवढे बारीक मोजायला उपकरण हवे, आणि मायोर यांचे खरे आयुष्य उपकरणांतच गेले. १९४२ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानला जन्म, १९७१ मध्ये जिनिव्हातून डॉक्टरेट. मग ताऱ्यांचे वेग मोजणारा वर्णपटमापक 'कोराव्हेल' आणि १९९४ पासून फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत त्याहून अचूक 'एलोडी'.

त्याच हिवाळ्यात आकडे हलताना दिसले. ग्रह गुरूच्या निम्म्या वजनाचा आणि त्याचे वर्ष फक्त ४.२ दिवसांचे. आपल्या गुरूला सूर्याभोवती एका फेरीला जवळपास १२ वर्षे लागतात. ताऱ्याच्या इतक्या जवळ एवढा मोठा ग्रह कोणाच्याच हिशेबात बसत नव्हता. अशा शोधांचे दावे आधी फसलेही होते. त्यात मार्चमध्ये तारा सूर्याच्या उजेडात गेला. दोघे गप्प राहिले. जुलैत तारा कोणत्या रात्री किती वेगाने सरकलेला असेल, याचे गणित त्यांनी मांडून ठेवले आणि जुलैत आकडे तंतोतंत जुळले. ६ ऑक्टोबर १९९५ रोजी फ्लोरेन्समध्ये घोषणा झाली. मला या सगळ्या कथेत ते थांबलेले चार महिनेच सर्वांत मोठे वाटतात.

पुढे सन्मान येत गेले: २००५ चा शॉ पुरस्कार, २०१५ चा क्योटो, २०१७ चा वुल्फ. २०१९ चे भौतिकशास्त्राचे अर्धे नोबेल गुरू-शिष्यांनी वाटून घेतले.

दरम्यान, २००३ मध्ये मायोर यांच्या गटाने चिलीतल्या ला सिया वेधशाळेत 'हार्प्स' हा आणखी अचूक वर्णपटमापक बसवला. तो सेकंदाला १ मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका, वेगही टिपतो. आपल्या पृथ्वीच्या ओढीने सूर्य हलतो तो सेकंदाला अवघा ९ सेंटिमीटर.