डेफ जॅमचा पहिला मान कुणाचा? पडवीतल्या भांडणाची पार्श्वभूमी

आमचं घर कुडाळपासून थोडं आत, आणि चतुर्थीला घर भरलं की एक तरी भांडण ठरलेलं. पूर्वी ते कुठला बुवा डबलबारीत (दोन भजनी बुवांच्या सामन्यात) कुणाला भारी पडला यावरून व्हायचं. हल्ली दोन-तीन वर्षं विषय बदललाय. आरती आटपते, पानं उठतात, पडवीत सगळे टेकतात आणि माझा भाचा (पुण्यात इंजिनीअरिंगला) मोबाईलवर काहीतरी लावतो, की नालासोपाऱ्याहून आलेला आतेभाऊ लगेच "हे काय रॅप आहे काय" म्हणून सुरू होतो, आणि तिथून गाडी डेफ जॅम या अमेरिकेतल्या रॅपच्या रेकॉर्ड कंपनीवर येते ती मध्यरात्रीपर्यंत हलत नाही. प्रश्न एकच, या लेबलला नाव कुणी मिळवून दिलं. भाचा म्हणतो जे-झी आणि कान्ये, आतेभाऊ म्हणतो डीएमएक्स आणि फक्त डीएमएक्स, मी एलएल कूल जे वाला. सगळे तिथले रॅपर.

गेल्या खेपेला मोठे काका वैतागले. "अरे पण लेबल म्हणजे काय ता आधी सांगशात?" मग मी म्हटलं काका, आपली दशावतारी कंपनी असते ना तसं. मालकाकडे नाव, टेम्पो, पेटारा, पेटी-मृदंग, आणि तो राजपार्टी-स्त्रीपार्टी जमवतो, पैसे वाटतो, चांगला नट दुसऱ्या कंपनीत गेला की लोक पण तिकडे जातात, पण बोर्डावर नाव कंपनीचंच. काकांना पटलं. "मगे मान कोणाचो ता बघूक होयो," म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले. तर हा मानपानाचा हिशोब नीट लागावा म्हणून मागचं सगळं लिहून काढतोय, कारण भांडताना कुणी कुणाला वाक्य पुरं करू देत नाही.

सुरुवात हॉस्टेलच्या खोलीत. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचं वाइनस्टीन हॉल, खोली नंबर ७१२, तिथे रिक रुबिन नावाचा पोरगा राहायचा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा, गोरा, ज्यू, पंक बँडमध्ये गिटार बडवणारा. डेफ जॅमचं चिन्ह आधी त्याच्या या पंक बँडच्याच रेकॉर्डवर आलं, हे भाच्याला सांगितलं तर तो मानायलाच तयार नव्हता. मग १९८४ मध्ये टी ला रॉक आणि जॅझी जे यांचं 'इट्स युअर्स' आलं, त्यावर चिन्ह डेफ जॅमचं पण माल विकणारी कंपनी दुसरीच. ते गाणं रसेल सिमन्सला जाम आवडलं. रसेल तेव्हा रॅपर लोकांचं मॅनेजमेंट बघायचा, न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातला माणूस, ओळखी भरपूर, आणि असलं गाणं करणारा माणूस गोरा निघाला म्हणून तो उडालाच म्हणतात. दोघांनी भागीदारी केली, एकाकडे कान आणि दुसऱ्याकडे तोंड, अशी.

इथे एक गोष्ट साफ करून टाकतो कारण दरवर्षी यावर अर्धा तास जातो. रन-डीएमसी हा गाजलेला रॅप ग्रुप डेफ जॅमचा नव्हता. यातला रन हा रसेलचा सख्खा धाकटा भाऊ, त्यांच्या १९८६ च्या गाजलेल्या अल्बमवर रुबिनने काम केलेलं, सगळं खरं, पण रेकॉर्ड निघायच्या प्रोफाइल नावाच्या दुसऱ्याच लेबलवरून. म्हणजे घरचा पोरगा दुसऱ्याच्या कंपनीत राजा होऊन उभा. भाच्याच्या यादीत ते तिसऱ्या नंबरवर होते, ते काढायला लावले.

आता माझा माणूस. रुबिनच्या खोलीवर पोरं डेमोच्या कॅसेटी पाठवायची, त्यांचा ढीग पडलेला. बीस्टी बॉइजमधला अ‍ॅडरॉक तिथे पडीक असायचा, त्याने त्या ढिगातून एक कॅसेट काढून ऐकली आणि रुबिनला म्हणाला हे ऐक. ती एलएलची. वय वर्षं सोळा, आजी-आजोबांकडे वाढलेला, रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल आणि आवाज मिसळायचा मिक्सर आजोबांनी घेऊन दिलेले. 'आय नीड अ बीट' हे त्याचं पहिलं गाणं १९८४ लाच निघालं आणि डेफ जॅम हे खरोखरचं दुकान झालं ते तेव्हापासून. पुढच्या वर्षी कोलंबिया रेकॉर्ड्सवाल्या सीबीएसने त्यांच्याशी करार केला आणि १९८५ च्या शेवटाला एलएलचा अल्बम आला, 'रेडिओ'.

त्या अल्बमच्या कव्हरवर बघा, रिक रुबिनच्या नावापुढे 'निर्माता' लिहिलेलं नाही, 'रिड्यूस्ड बाय' लिहिलंय. आटवलं कुणी, तर रुबिनने. मला हा शब्द फार आवडतो, कारण ऐकलंत तर खरंच तसंच आहे, कोकमाचं आगळ असतं ना तसं, त्यात पाणी नाहीच. ड्रम मशीनचा एक ठोका, मध्ये नुसती मोकळी जागा, मग स्क्रॅच (रेकॉर्ड मागेपुढे घासल्याचा आवाज), मग गाणाऱ्याचा आवाज. त्याआधीचं बरंचसं रॅप म्हणजे डिस्को किंवा फंकच्या तालावर सहा-सात मिनिटं न थांबता बोलत राहणं. इथे कडवं संपतं, ध्रुवपद येतं, परत कडवं, म्हणजे गाण्याला गाण्याचा साचा आला. डबलबारी ऐकून वाढलेल्या माणसाला याचं महत्त्व चटकन कळतं, बुवा कितीही हुशार असू दे, गजर कुठे घ्यायचा ते कळलं नाही तर समोरची माणसं उठून चहाला जातात.

बीस्टी बॉइजचं मी पटकन आटपतो. तीन गोरी पोरं, आधी पंक, मग रॅप. १९८६ मध्ये 'लायसन्स्ड टू इल' आला, आणि १९८७ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या अल्बम चार्टवर एक नंबरला गेला, तिथे पोचलेला पहिला रॅप अल्बम. कंपनीला पैसा आणि प्रसिद्धी यांनी आणली यात वाद नाही. पण पुढे पैशावरून फाटलं, ते कॅपिटॉलकडे गेले आणि १९८९ चा पुढचा अल्बम तिकडून काढला. एक हंगाम करून गेलेल्या नटासारखं झालं, हंगाम गाजला हे कबूल, पण पहिला मान द्यायला माझा हात धजत नाही.

पब्लिक एनिमी या ग्रुपवर मात्र आमच्या तिघांचंही एकमत होतं आणि तरी त्यांना पहिला नंबर कुणीच देत नाही, हे मला विचित्र वाटतं. चक डी हा लाँग आयलंडचा, अ‍ॅडेल्फी युनिव्हर्सिटीच्या रेडिओवर शो करणारा पोरगा, त्याची टेप रुबिनने ऐकली आणि मागेच लागला. फोनजवळ नंबर चिकटवून ठेवला होता म्हणे, रोज लावायचा. चक डी टाळत होता कारण त्याला वाटायचं आपलं वय झालं, पंचविशी ओलांडली, आता कुठे रॅप करत बसू. (आमच्याकडे पंचविशीत माणूस अजून भरतीची तयारी करत असतो.) शेवटी आला. १९८७ चा पहिला अल्बम ठीक, पण १९८८ चा दुसरा ऐकताना अजून अंगावर येतो. बॉम्ब स्क्वॉड म्हणून त्यांची निर्मात्यांची टोळी, एकावर एक सॅम्पलचे (जुन्या रेकॉर्डमधून उचललेल्या तुकड्यांचे) थर, त्यात सायरनसारखे, किटलीची शिट्टी वाजावी तसे आवाज, आणि त्यावर चक डीचा तो घोगरा खर्ज, बाजूला फ्लेवर फ्लेवचा टवाळपणा. म्हणजे संकासुर आणि राजा एकाच वेळी रंगमंचावर. रॅप ही पोरांची मजा नाही, यात राजकारण बोलता येतं, पेपरवाल्यांना दखल घ्यावी लागते, ही इज्जत डेफ जॅमला यांच्यामुळे आली. गंमत म्हणजे त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं १९८९ मध्ये आधी एका सिनेमाच्या साउंडट्रॅकवर मोटाउन या दुसऱ्या लेबलकडून निघालं, डेफ जॅमच्या अल्बमवर ते १९९० ला आलं.

१९८८ मध्येच रुबिन निघून गेला, कॅलिफोर्नियात स्वतःचं वेगळं लेबल काढलं. कान गेला, तोंड राहिलं. रसेलबरोबर लायर कोहेन आला, जो आधी रन-डीएमसीच्या दौऱ्यांचं बघायचा. आणि माझ्या एलएलची पण वाट लागायची वेळ आली होती, १९८९ च्या अल्बमवर लोकांनी शिव्या घातल्या, फार गोड झाला, फार पैसे दाखवतो वगैरे. तो आजीकडे जाऊन रडगाणं गायला लागला तर आजी म्हणाली गप बस आणि ठोक त्यांना. त्यावरून १९९० चं 'मामा सेड नॉक यू आउट' हे प्रसिद्ध गाणं झालं आणि माणूस परत उभा. आजीचं ऐकलं की काम होतं हे काकांना भलतंच पटलं, इतकं की त्यांनी तिथल्या तिथे मला पाठिंबा जाहीर केला. आतेभाऊ म्हणाला, "काकानु, तुम्ही गाणा तरी ऐकलात?"

पुढची काही वर्षं कंपनीची हालत खराबच होती. १९९४ मध्ये दोन गोष्टी झाल्या. एक, डेफ जॅममधला सोनीचा (सीबीएस रेकॉर्ड्स सोनीने आधीच घेतलं होतं) अर्धा हिस्सा पॉलिग्राम या संगीत कंपनीने ३ कोटी ३० लाख डॉलरला घेतला. दुसरी, वॉरन जी. हा रॅपर लाँग बीचचा, म्हणजे अमेरिकेच्या पार पश्चिम किनाऱ्याचा, डॉ. ड्रे या बड्या रॅपर-निर्मात्याचा सावत्र भाऊ, पण भावाच्या डेथ रो लेबलवर त्याला जागा झाली नाही. न्यूयॉर्कच्या डेफ जॅमने त्याला घेतलं आणि त्याचा अल्बम अमेरिकेत ३० लाख प्रतींच्या वर गेला. कंपनी बुडता बुडता काठाला लागली ती याच्यामुळे, आणि आज वादात याचं नाव कुणी घेत नाही. मेथड मॅन, रेडमन, याच लेबलचे दोघं रॅपर उत्तम, त्याच काळातले, त्यांच्यावर वेगळं लिहायला पाहिजे.

आणि १९९८. याच वर्षी २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि आतेभाऊ पहिल्यांदा रेल्वेने गणपतीला आला, नाहीतर एसटीत रात्रभर घाट मोजत यायचा. त्यानंतरच्या एका खेपेला बॅगेतून त्याने ती कॅसेट आणली. दुकानातली नाही, कुणाकडून तरी भरून घेतलेली, साठ मिनिटांची, त्यामुळे अल्बमचा शेवट कापलेला, कॅसेटवरच्या चिठ्ठीवर निळ्या बॉलपेनने 'डीएमएक्स' आणि खाली काहीतरी खोडलेलं. आम्ही ती माळ्यावर टेपरेकॉर्डर नेऊन लावली कारण खाली गणपती. कुत्रा भुंकल्यासारखा आवाज काढतो आणि मध्येच देवाची प्रार्थना करतो, आम्हाला इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं पण माणूस मनापासून बोलतोय हे कळत होतं. दोन पावसाळ्यांत टेपला पांढरी बुरशी धरली, मग पेन्सिलने फिरवून, कापसाने पुसून वाजवायचो, शेवटी रिळातच अडकली.

तर आतेभावाचं म्हणणं पोकळ नाही. डीएमएक्सचा पहिला अल्बम मे १९९८ ला आला, दुसरा त्याच डिसेंबरमध्ये, दोन्ही आल्या आल्या एक नंबर. एका वर्षात. त्या सुमारास सगळीकडे चकचकीत सूट, शॅम्पेन असला रॅप चालला होता आणि हा बनियनवर, टक्कल करून, घसा फाडून. आणि कंपनीच्या दृष्टीने मुहूर्त तर बघा, त्याच डिसेंबरमध्ये सीग्रमने, हो, दारूवाल्या सीग्रमने, आख्खी पॉलिग्राम घेऊन आपल्या युनिव्हर्सल या संगीत कंपनीत घातली. अशा वेळी ज्याचा धंदा जोरात त्याची किंमत लागते. १९९९ मध्ये रसेलने आपला उरलेला हिस्सा विकला तो १० कोटी डॉलरच्या वर. त्यात जे-झीच्या १९९८ च्या अल्बमचाही वाटा मोठा आहे, हे भाचा बरोबर सांगतो.

पण जे-झी म्हणजे कसं, त्याचं स्वतःचं रॉक-अ-फेला नावाचं लेबल, पहिला अल्बम १९९६ चा, तेव्हा डेफ जॅमचा संबंधच नाही, १९९७ ला हातमिळवणी. कान्येचा २००४ चा पहिला अल्बम पण रॉक-अ-फेलाच्याच दारातून आला. आता तसं बघायला गेलं तर डीएमएक्स पण रफ रायडर्स या लेबलच्या दारातून आलेला, हे मी म्हटल्यावर आतेभावाने तासभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. भाच्याचा मुद्दा असा की जे-झी २००५ पासून २००७ पर्यंत डेफ जॅमचा प्रेसिडेंटच होता, रिहाना ही पॉप गायिका त्याच काळात आली, नास या रॅपरबरोबरचं जुनं वैर मिटवून त्याला २००६ मध्ये याच लेबलवर आणलं. खरंय. पण नटाने कंपनी चालवायला घेतली म्हणून कंपनी त्याने उभी केली असं होत नाही, आणि रिहाना विकली किती हा आकडा दाखवून रॅपच्या लेबलचा मान ठरवायचा तर मग वादच कशाला, चार्ट बघा आणि झोपा.

माझं म्हणणं साधं आहे. गावात मान ठरतो तो जंगल तोडून पहिलं भाताचं खाचर कुणी केलं त्यावरून, नंतर बंगला कुणी बांधला त्यावरून नाही. एलएल आला तेव्हा खोली नंबर ७१२ शिवाय काही नव्हतं, आणि बाकीचे आले, भांडले, गेले, तो २००८ पर्यंत बारा स्टुडिओ अल्बम डेफ जॅमवरच करत राहिला. दुसरा मान पब्लिक एनिमी. तिसरा डीएमएक्स, आणि तो देताना मला वाईट वाटतं, कारण २०२१ च्या एप्रिलमध्ये तो गेला तेव्हा आतेभावाने सकाळी फोन करून फक्त "गेलो रे" एवढंच म्हटलं होतं. वॉरन जीला निदान पानसुपारी तरी द्या.

काकांनी सगळं ऐकलं. "म्हणजे पहिलो मान आजीचो," म्हणाले, आणि तेवढ्यात खालच्या वाडीची भजनी मंडळी अंगणात आली, पखवाजाला कणीक लागली, वाद तिथेच राहिला.

एक मात्र झालं. २०२४ मध्ये एलएल परत नवीन अल्बम घेऊन आला, इतक्या वर्षांनी आणि तोही डेफ जॅमवरच. भाच्याने मला रात्री दीड वाजता त्याची लिंक पाठवली, सोबत एक अक्षर लिहिलं नव्हतं. आतेभावाला मी ती अजून फॉरवर्ड केलेली नाही, चतुर्थीला समोर बसवून ऐकवणार आहे.