बागेची कहाणी सांगण्यामागची पार्श्वभूमी

नवी मुंबईतल्या कोपरखैरणेचे निसर्ग उद्यान जुन्या कचराभूमीवर उभे आहे. तिथे सकाळी फिरायला येणाऱ्यांना ही गोष्ट कुठे, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या क्रमाने सांगायची, याचा आराखडा करायचा झाला तर बागेतल्या फलकांची परंपरा कुठून आली हे आधी पाहावे लागते.

ही परंपरा वैद्यकातून आली. इटलीतल्या पादुआ विद्यापीठाने १५४५ मध्ये वनस्पती उद्यान सुरू केले, ते वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती अचूक ओळखता याव्यात म्हणून. पुढे १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने वनस्पतींना दोन पदांची शास्त्रीय नावे दिली आणि बागेतल्या पाटीला तिचा ठरावीक मजकूर मिळाला. १८६२ मध्ये खुल्या झालेल्या भायखळ्याच्या राणीबागेपासून आपल्या पालिकांच्या उद्यानांपर्यंत स्थानिक नाव, शास्त्रीय नाव आणि कूळ हाच साचा दिसतो. तो उपयुक्त आहेच, पण त्यातून झाड कळते, जागा कळत नाही.

जागेचा विचार विसाव्या शतकात अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये रुजला. केवळ माहिती पुरवणे म्हणजे उलगडून सांगणे नव्हे, आणि ऐकणाऱ्याच्या अनुभवाशी नाते न जोडणारे सांगणे निष्फळ ठरते, असे अमेरिकी लेखक फ्रीमन टिल्डन यांनी १९५७ मध्ये मांडले. त्यातून आधी मुख्य आशय ठरवावा, मग येणारे लोक कोण आणि ते कुठे थांबतात हे पाहावे आणि फलक, माहितीपत्रक की वाटाड्या याचा निर्णय शेवटी घ्यावा, अशी कामाची रीत पडली. आपल्याकडे बहुधा फलकाचा आकार आधी ठरतो.

नवी मुंबईत हा क्रम पाळणे अधिक गरजेचे आहे. १९७० मध्ये शहर वसवणारे सरकारी महामंडळ सिडको स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर शहर आखले गेले. त्या जमिनींत आगरी-कोळी कुटुंबांची भातशेती होती, मिठागरे होती, आणि १९९२ मध्ये महापालिका आली तेव्हा ते सारे पाहिलेली पिढी इथेच राहत होती. ती आजही गावठाणांत भेटते. म्हणून निसर्ग उद्यानाच्या फलकावर 'कचरा' हा शब्द टाळू नयेच. पण कचऱ्याच्याही आधी तिथे काय होते ते कोपरखैरणे गावातल्या वडीलधाऱ्यांकडून त्यांच्याच बोलीत नोंदवून घ्यावे आणि मगच फलकाचा मजकूर लिहायला बसावे.