शालेय व्यसनमुक्ती शिक्षण, नागपूर

तंबाखू, दारू आणि अमली पदार्थांपासून विद्यार्थ्यांना दूर ठेवण्यासाठी शाळेत जे सांगितले, करवून घेतले आणि पाठ करवले जाते, त्याला व्यसनमुक्ती शिक्षण म्हणतात. नागपूरच्या शाळांत ते मुख्यतः दिनविशेषांच्या आधाराने चालत आले आहे. वेळापत्रकात त्याचा वेगळा तास नसतो. परिपाठात शपथ, फळ्यावर सुविचार, चित्रकला किंवा निबंध स्पर्धा आणि हातात फलक घेऊन वस्तीतून प्रभातफेरी, असा त्याचा ठरलेला साचा आहे.

या दिनविशेषांची विदर्भात एक वेगळीच अडचण होते. जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी येतो, तेव्हा शाळांना उन्हाळ्याच्या सुट्या असतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८७ च्या ठरावाने २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन ठरला. पण उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे हा दिवस पुस्तकवाटप आणि प्रवेशाच्या धांदलीत सापडतो. त्याच दिवशी शाहू महाराजांची जयंतीही असते. त्यामुळे सगळा भार गांधी जयंतीपासून सुरू होणाऱ्या आठवड्यावर पडतो आणि वर्षभराचे शिक्षण त्या काही दिवसांत उरकले जाते.

शाळेच्या आधीची शिकवण

नागपूरच्या मुलाला व्यसनाविरुद्धचा पहिला धडा बहुधा शाळेबाहेरच मिळतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शीलही मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. उत्तर नागपुरातल्या असंख्य घरांत ते मुलांना अक्षरओळखीच्या आधीच पाठ होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीवरच्या भजनांतून व्यसनांवर कोरडे ओढले. सत्यपाल महाराजांच्या सप्तखंजिरीच्या कीर्तनांनी हे काम पुढे गावोगाव नेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत समाजातल्या वाईट गोष्टींचे बडगे, म्हणजे पुतळे, असतात आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत त्यांना गावाबाहेर हाकलले जाते. ही शिकवण आपल्या माणसांकडून आणि आपल्या बोलीत येते, म्हणून ती मनात मुरते. शाळेने तिचा हात धरायला हवा होता, तो फारसा धरला नाही.

गर्दचा काळ

१९८० च्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजेच हेरॉइनची पूड किंवा ‘गर्द’, शहरांत पसरली. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा झाला आणि शाळांतल्या तक्त्यांवर कवटी, सुई व हाडांचे सापळे अवतरले. अमेरिकेतही तोच काळ होता. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ मध्ये ‘डेअर’ हा कार्यक्रम सुरू झाला, त्यात गणवेशातले पोलीस वर्गात येऊन धडे देत. तो लाखो मुलांपर्यंत पोहोचला. पुढच्या अभ्यासांत मात्र मुलांच्या वागण्यावर त्याचा टिकाऊ परिणाम जवळजवळ दिसला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये जाहीर केलेली प्रतिबंधाची मानकेही हेच सांगतात : नुसती माहिती, भीती आणि व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तीचे मंचावरचे अनुभवकथन यांनी मुले व्यसनापासून दूर राहत नाहीत. आपल्याकडे बहुतेक कार्यक्रम नेमके याच तीन पायांवर उभे होते.

भीतीचा तक्ता फसण्याचे कारण साधे होते. नागपूरच्या सातवीतल्या मुलाने सुई कधी पाहिलेली नसे, खर्रा मात्र तो रोज पाहत असे.

खर्रा

भाजलेल्या सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन पानठेलेवाला तळहाताने खर्रा घोटतो. सुपारी ओलसर, तांबूस होऊन तंबाखूत मिसळली की पुडी बांधून देतो. ती खिशात दिवसभर पुरते, चौघांत वाटून खाल्ली जाते, पाहुण्यापुढे केली जाते. ‘बाबू, ठेल्यावरून एक खर्रा घेऊन ये’ असे घरातलाच मोठा माणूस सांगतो आणि मूल जाते. सकाळी शपथ घेतलेला हात संध्याकाळी पुडीचे पैसे मोजतो. हा पेच मुलाने कसा सोडवायचा, हे शपथेत कुठेच नसते. व्यसनमुक्ती शिक्षणाची सर्वांत मोठी उणीव इथे आहे. मुलाला समजावले गेले, त्याच्या वडिलांना आणि काकांना शाळेत बोलावून कोणी समजावले नाही.

२०१६–१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, तर तोंडात तंबाखू ठेवणारे २४.४ टक्के (काही जण दोन्ही करतात). तरीही शाळेच्या भिंतींवरचे चित्र बहुतेकदा जळत्या सिगारेटचेच असते.

सुपारीबद्दल तर बोललेच जात नाही. तंबाखू नसली तरी सुपारी कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नोंदवले. सुपारीने गालाच्या आतले अस्तर ताठर होत जाते. आधी तिखटाने तोंडाची आग होते, सावजी रस्सा सोसेनासा होतो, मग जबडा उघडेनासा होतो. दंतवैद्य तपासणीत रुग्णाला स्वतःचीच तीन बोटे उभी करून तोंडात घालायला सांगतात. ती गेली नाहीत तर काळजीचे कारण असते. वर्गात ही तपासणी करवून घेतली की मुले घरी जाऊन वडिलांना बोटे घालायला लावतात. दहा तक्त्यांनी होत नाही ते काम ही तीन बोटे करतात.

कायदा

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ६ नुसार १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकता येत नाही आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत विक्रीला बंदी आहे. राज्यात २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी आली, पुढच्या आदेशांत खर्रा आणि त्याच्यासारखाच मावाही आले. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला तंबाखू, दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मेफेड्रोन, ज्याला मुले ‘एमडी’ म्हणतात, तेही २०१५ मध्येच अमली पदार्थांच्या यादीत आले.

सराव

परिणाम दिसतो तो नकाराचा सराव करून घेणाऱ्या तासांत. दोन मुलांना उभे करायचे. एक म्हणतो, ‘घे ना बे, एका चिमटीनं काही होत नाही.’ दुसऱ्याने चिडायचे नाही, उपदेश करायचा नाही, मैत्रीही तोडायची नाही : ‘मी नाही खात. चाल, खेळायला जाऊ.’ पहिल्यांदा वर्ग हसतो, तिसऱ्या जोडीपर्यंत मुले स्वतःचे शब्द शोधू लागतात. चाळीस मिनिटांत सात-आठ जोड्या होतात. भाषणात एवढ्या मुलांना तोंड उघडायला मिळतच नाही.

पंक्चरचे सोल्युशन आणि व्हाइटनर हुंगण्याबद्दल वेगळे सांगावे लागते. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के आढळले. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त असलेली हीच एक नशा. या वस्तू स्टेशनरीच्या आणि सायकलच्या दुकानांत मिळतात आणि हुंगणारी कितीतरी मुले शाळा सोडलेली असतात. त्यांच्यापर्यंत प्रभातफेरी पोहोचत नाही. शाळा सुटू न देणे हेच त्यांच्यासाठीचे व्यसनमुक्ती शिक्षण आहे.

आधीच अडकलेल्या मुलाने कुठे जावे, हे शपथ आणि फेरीत राहून जाते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय क्रमांक २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटांवर छापला जातो. खर्ऱ्याच्या पन्नीवर तो नसतो, तेव्हा तो वर्गाच्या भिंतीवर लिहिणे शाळेकडेच येते. इतर नशांसाठी १४४४६ हा विनाशुल्क क्रमांक आहे.