ॲनी लार्सन प्रकरण

ॲनी लार्सन प्रकरण : पहिल्या महायुद्धात भारतीय क्रांतिकारकांसाठी जर्मनीने अमेरिकेतून गुप्तपणे पाठविलेला शस्त्रसाठा अमेरिकी जकात अधिकाऱ्यांनी जप्त केल्याची घटना (२९ जून १९१५ च्या सुमारास). ॲनी लार्सन हे तीन डोलकाठ्यांचे शिडाचे गलबत होते. वॉशिंग्टन राज्यातील ग्रेज हार्बरच्या खाडीवरील हॉक्वियम बंदरात त्यावरील माल ताब्यात घेण्यात आला.

शस्त्रांची खरेदी क्रुप या जर्मन शस्त्रनिर्मात्या कंपनीचा अमेरिकेतील प्रतिनिधी हान्स टाउशर याने केली. सूत्रे वॉशिंग्टनच्या जर्मन वकिलातीतील लष्करी अधिकारी फ्रांत्स फॉन पापेन याच्याकडे होती (हाच पुढे १९३२ मध्ये जर्मनीचा चॅन्सेलर झाला). साठ्याचे आकडे सर्वत्र सारखे नाहीत. स्प्रिंगफील्ड बनावटीच्या सुमारे ८,००० रायफली व ४० लक्ष काडतुसे यांवर बहुतेकांचे एकमत दिसते. काही याद्यांत आखूड नळीच्या २,४०० बंदुका, हॉचकिस रायफली, कोल्ट रिव्हॉल्व्हर व माउझर पिस्तुले यांचीही भर आहे. रायफली स्पेन-अमेरिका युद्धाच्या वेळच्या, म्हणजे तेव्हाच जुनाट झालेल्या होत्या. भारतातील क्रांतिकारी कटांची चौकशी करणाऱ्या रौलट समितीच्या अहवालानुसार (१९१८) बंगालमधील क्रांतिकारकांना ३०,००० रायफली आणि प्रत्येक रायफलीमागे ४०० काडतुसे येणार असे सांगण्यात आले होते. आखूड बंदुका धरूनही गलबतावरचा माल त्याच्या निम्म्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा हा साठा वेळेवर पोहोचता तर बंगालचे चित्र पालटले असते, हा पुष्कळदा केला जाणारा दावा जपूनच घ्यावा लागतो.

गलबत ८ मार्च १९१५ रोजी सॅन डिएगोहून निघाले. कागदोपत्री माल मेक्सिकोतील टोपोलोबाम्पो बंदरासाठी होता. तेथील यादवी युद्धामुळे असा माल जाणे कोणालाही नवल वाटण्यासारखे नव्हते. प्रत्यक्षात तो मेक्सिकोच्या पश्चिमेस पॅसिफिकमधील सोकोरो बेटापाशी मॅव्हरिक या जुन्या तेलवाहू जहाजावर चढवायचा होता. रायफली एका रिकाम्या टाकीत ठेवून त्यांवर तेल सोडायचे, काडतुसे दुसऱ्या टाकीत ठेवायची आणि युद्धनौकेने गाठलेच तर जहाज बुडवायचे, अशा सूचना असल्याचे रौलट अहवालात नमूद आहे. मॅव्हरिकवर पाच ‘इराणी’ वाढपी होते. ते वस्तुतः भारतीय होते आणि त्यांपैकी हरिसिंग याच्या पेट्यांत गदर पक्षाचे (अमेरिकेतील भारतीयांची क्रांतिकारी संघटना) साहित्य होते. पिण्याचे पाणी संपत आल्याने ॲनी लार्सनने एप्रिलच्या मध्यास सोकोरो सोडले व आकापुल्कोची वाट धरली. मॅव्हरिक २२ एप्रिलच्या सुमारास कॅलिफोर्नियातून निघाले आणि महिनाअखेरीस बेटावर पोहोचले. प्रतिकूल वाऱ्यामुळे गलबताला परत येता आले नाही. मॅव्हरिक काही आठवडे थांबून हवाई बेटांमार्गे रिकामेच जावाला गेले.

जप्तीचा कायदेशीर आधार वाटतो तितका सरळ नाही. १९०७ च्या हेग परिषदेतील तेराव्या करारानुसार (कलम ७) खाजगी व्यापाऱ्यांनी युद्धमान राष्ट्राला शस्त्रे विकली तरी ती रोखण्याचे बंधन तटस्थ राष्ट्रावर नव्हते. मेक्सिकोला शस्त्रे पाठविण्यावरील बंदी अध्यक्ष विल्सन यांनी फेब्रुवारी १९१४ मध्ये उठविली होती. म्हणजे गलबतावर बंदुका असणे हा स्वतंत्र गुन्हा नव्हता. खोटी मालयादी आणि अमेरिकेच्या भूमीवरून अमेरिकेशी मैत्रीचे संबंध असलेल्या राष्ट्राविरुद्ध (येथे ब्रिटनविरुद्ध) लष्करी मोहीम उभारून केलेला तटस्थताभंग, हे कळीचे मुद्दे होते. जर्मन राजदूत काउंट बेर्नस्टोर्फ याने माल जर्मन सरकारचा असल्याचा दावा केला. तो जर्मन पूर्व आफ्रिकेसाठी असल्याचा खुलासाही पुढे आला. अमेरिकी सरकारने दावा फेटाळला.

खबर कोणी दिली, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक ब्रिटिश गुप्तहेरांना श्रेय देतात, तर काही एमानुएल व्होस्का याच्या चेक हेरजाळ्याला. टोपोलोबाम्पोचा माल पोटात घेऊन जवळजवळ चार महिने भटकलेले गलबत कॅनडाच्या सीमेजवळच्या बंदरात उभे राहिल्यावर जकात अधिकाऱ्यांना संशय यायला खबऱ्याची गरज होती असे नाही. हे मत कमी रंजक असले, तरी अधिक पटण्याजोगे आहे.

बंगालमध्ये मात्र तयारी पुढे गेली होती. नरेंद्रनाथ भट्टाचार्य (नंतरचे मानवेंद्रनाथ रॉय) यांनी जावातील बटेव्हियात (आताचे जकार्ता) जर्मनांशी बोलून मूळ कराचीकडे जाणारे शस्त्रांचे जहाज सुंदरबनातील रायमंगलकडे वळविण्याचे ठरविले. ओळख पटावी म्हणून जहाजावर आडव्या रांगेत दिवे टांगायचे होते, आणि १ जुलैपर्यंत शस्त्रवाटप सुरू होईल असा अंदाज होता. हॉक्वियमची जप्ती त्याच्या दोनच दिवस आधीची. सप्टेंबरमध्ये बालासोरजवळच्या चकमकीत जखमी होऊन जतींद्रनाथ मुखर्जी (बाघा जतीन) मृत्यू पावले.

अमेरिका युद्धात उतरल्यावर सॅन फ्रान्सिस्को येथे या कटाचा खटला चालला (२० नोव्हेंबर १९१७ ते एप्रिल १९१८). न्यायाधीश व्हॅन फ्लीट व सरकारी वकील जॉन प्रेस्टन होते. जर्मन वाणिज्यदूत फ्रांत्स बोप्प याच्यासह बहुतेक आरोपी दोषी ठरले. खटल्याच्या अखेरीस आरोपी रामसिंग याने गदर पक्षाचे नेते रामचंद्र यांना भर न्यायालयात गोळी घातली. न्यायालयाच्या मार्शलने रामसिंगलाही जागीच ठार केले.

गदर पक्षातील मराठी कार्यकर्त्यांची नावे या प्रकरणाशी जोडली जातात, पण ती कालक्रम तपासूनच जोडायला हवीत. तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे यांनी रासबिहारी बोस यांच्यासह आखलेला पंजाबातील उठाव १९ फेब्रुवारी १९१५ रोजीच फसला होता, म्हणजे गलबत निघण्याच्या सतरा दिवस आधी. पिंगळे यांना १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला फाशी देण्यात आली. पांडुरंग सदाशिव खानखोजे त्यापूर्वीच अमेरिका सोडून तुर्कस्तानमार्गे इराणकडे गेले होते.